कोणास भेटावयाचे?

मोठमोठ्या कंपन्यांच्या दाराशी पहारेकऱ्याच्या टेबलावर एक जाडजूड वही उघडून ठेवलेली असते. तिच्याइतकी अवघड प्रश्नपत्रिका मी बी. कॉम.च्या तिन्ही वर्षांत सोडवलेली नाही. नाव, गाव, मोबाइल नंबर इथपर्यंत मी पास होतो. 'वाहन क्रमांक' या रकान्यात मी ज्या बसने आलो तिचा मार्ग क्रमांक प्रामाणिकपणे लिहितो. पण त्यापुढचा जो रकाना असतो, तिथे भल्याभल्यांचे पेन अडते. तो रकाना म्हणजे 'कोणास भेटावयाचे'. वरवर साधा दिसणारा हा प्रश्न किती खोल आहे, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, महिन्याच्या एका दुसऱ्या शनिवारी कळले.

त्याचे असे झाले. माझा भाचा मिरजेहून पुण्याला नोकरीसाठी आला. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणे, ही त्याची नोकरी. (हेच काम मी घरी फुकट करतो, त्याला भांडण म्हणतात.) ऑफिस आठवड्यातून एक दिवस, बाकीचे दिवस वाकडच्या खोलीत बसून काम. खोलीत आणखी तिघे राहतात. पण ते अमेरिकेच्या घड्याळावर जागतात. त्यामुळे एका छपराखाली राहूनही चौघांची गाठ पडते ती फक्त भांडी कुणी घासायची या प्रश्नावर, आणि तीही चिठ्ठीने.

दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला येई. सहा पोळ्या खाई आणि सहा शब्द बोले. पोळीमागे एक. मी हे आपले गमतीने घेत होतो. पण एके दिवशी बहिणीचा फोन आला.

"दादा, तो फोनवर 'हं'च्या पुढं काही बोलतच नाही रे. तुमच्याकडं तरी बोलतो का?"

"बोलतो की. परवा 'मीठ' म्हणाला," मी म्हणालो. ती हसली नाही. बहीण हसत नाही तेव्हा प्रकरण गंभीर आहे असे समजावे.

पुढच्या रविवारी चौथ्या पोळीला मी त्याला छेडले. तेव्हा कळले की, तो 'मीटअप'ला जातो. मीटअप म्हणजे एकाच संगणकी भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींनी महिन्यातून एकदा शनिवारी कुठल्या तरी कंपनीच्या हॉलमध्ये जमायचे, दोन भाषणे ऐकायची, चहा-समोसा घ्यायचा आणि पांगायचे. प्रवेशमूल्य काही नाही. दोनदा जाऊन आला होता.

"वा! मग कुणाशी बोललास?"

"भाषण छान होतं."

"अरे, पण तू कुणाशी बोललास?"

"शेवटी प्रश्नोत्तरं होती."

"तू विचारलास प्रश्न?"

"नाही."

"म्हणजे तास-दीड तास बस बदलत जायचं, समोसा खायचा आणि परत यायचं?"

"समोसा नाही घेतला," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तिथं सगळे घोळका करून उभे होते. मधे कसं घुसायचं?"

वाचकहो, माणसाने आयुष्यात पुष्कळ दुःखे ऐकलेली असतात. पण न घेतलेल्या समोशाचे दुःख थेट काळजाला भिडते. हिने वाढता वाढता माझ्याकडे बघितले.

"येत्या शनिवारी तुम्ही जा त्याच्याबरोबर."

"मी? मला त्या प्रोग्रॅमिंगमधलं काय कळतं?"

"तुम्हाला बँकेतलं तरी काय कळतं? जाताच ना रोज?"

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. २०१५ च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार पूर्ण सुट्टी असते. ती सुट्टी मी आजवर झोपण्याच्या कामी निष्ठेने वापरत आलो आहे. तिच्यावर पाणी सोडून आम्ही मामा-भाचे निघालो.

दाराशी ती वही. पहारेकऱ्याने भाच्याला विचारले, "कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही. मीटअपला आलोय."

"मग या रकान्यात काय लिहू?"

भाच्याने खांदे पाडले आणि लिहिले : 'मीटअप'. मी वर नजर टाकली. आमच्या आधी आलेल्या सगळ्यांनी त्या रकान्यात 'मीटअप'च लिहिले होते. चाळीसएक माणसे भेटायला म्हणून आलेली आणि त्यांतल्या एकालाही कुणाला भेटायचे ते ठाऊक नाही! बँकेत असे झाले असते तर आम्ही सगळे अर्ज अपूर्ण म्हणून परत केले असते.

हॉल गारेगार होता. पहिली रांग रिकामी, शेवटची भरलेली. मधल्या रांगांत एक माणूस, एक रिकामी खुर्ची, पुन्हा एक माणूस, अशी मांडणी. रिकाम्या खुर्चीवर पाठीवरची बॅग. लग्नात मुहूर्ताच्या आधी वधूवरांच्या मधे अंतरपाट धरतात ना, तसा प्रत्येक दोघांत एकेक बॅगेचा अंतरपाट. फक्त मंगलाष्टके संपून तो बाजूला होण्याची इथे काही व्यवस्था नव्हती.

भाषणे झाली. पायथन नावाच्या भाषेविषयी होती. मला त्यातले एकच कळले, पण ते फार आवडले. ही भाषा ग्विडो व्हॅन रॉसम नावाच्या डच गृहस्थांनी १९९१ साली लोकांपुढे आणली आणि तिचे नाव अजगरावरून नव्हे, तर 'मॉन्टी पायथन' या इंग्रजी विनोदी मंडळींवरून ठेवले. विनोदावरून जिचे नाव पडले, ती भाषा जाणणारी ही चाळीस माणसे इतकी गंभीर का, असा मला प्रश्न पडला. चहाच्या सुट्टीत त्याचे उत्तर मिळाले.

चहाच्या टेबलाभोवती एक घोळका होता. ही जुनी मंडळी. एकमेकांना ओळखणारी, खिदळणारी. माणसे वाईट नव्हेत. पण वर्तुळ करून अशी उभी, की बाहेरच्याला नुसत्या पाठी दिसाव्यात. बाकीचे सगळे भिंतीला टेकून मोबाइलमध्ये बघत होते. मी एकाच्या मोबाइलमध्ये हळूच डोकावलो. तो नुसता पडदा वर-खाली सरकवत होता. बँकेत मॅनेजर मागे येऊन उभे राहिले की मी लेजर उलटतो, तसा.

भाचा खांबाशी उभा. समोशापासून वीस फुटांवर.

आता मी पहिली चूक केली. माइक हातात घेतला. (बँकेच्या स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन मी तीनदा केले आहे.) "मित्रहो, आपण सर्वांनी एकमेकांची ओळख करून घ्यावी ही विनंती!" लोकांनी माना वर केल्या, आपापल्या शेजाऱ्याकडे बघून हसले आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेले. भाचा खांबाच्या मागे गेला. फर्मान काढून ओळखी होत नाहीत, हे मला त्या क्षणी समजले.

मग मला माझे काउंटर आठवले. अठरा वर्षे मी काचेमागे बसून माणसे बघतो आहे. पन्नास माणसे तासन् तास एका रांगेत उभी असतात आणि एकमेकांशी अवाक्षर बोलत नाहीत. बोलतात ती फक्त एका कारणाने. पेन. "जरा पेन देता?" एवढे विचारले की झाले. पेन परत येईपर्यंत गाव कळते, मुलगा कुठे असतो ते कळते, गुडघा कुठला दुखतो तेही कळते. आमच्या शाखेत दोरीला बांधलेले पेन ठेवतात. ते मी मुद्दाम दुरुस्त करत नाही. माणसाला ओळख नको असते असे नाही. त्याला निमित्त हवे असते. आणि सगळ्यात उत्तम निमित्त म्हणजे दुसऱ्याकडे काहीतरी लहानसे मागणे.

मी भाच्याकडे गेलो. "तुझं काही अडलंय का रे? त्या पायथनात?"

अडले होते. बहिणीचे मिरजेत छोटे दुकान आहे. तिच्या खात्याचा वर्षाचा हिशेब लावणारा प्रोग्रॅम तो रात्री बसून लिहीत होता. आईला दिवाळीत दाखवायचा म्हणून. पण महिन्याची बेरीज जुळत नव्हती. तीन आठवडे तो बेरजेतली चूक शोधत होता.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई एकट्याच चहा पीत होत्या. वयाने माझ्याएवढ्या. त्या घोळक्यात सगळी पंचविशीची मंडळी, त्यामुळे त्यांच्याकडे कुणी फिरकले नव्हते. मी म्हणालो, "ताई, जरा या माझ्या भाच्याचं बघता का? याची बेरीज चुकतेय, आणि मी बँकेत असून मला कळत नाहीये."

त्यांनी कप खाली ठेवला. "मला पहिल्यापासून सांग बघू," त्या त्याला म्हणाल्या.

आणि माझा सहा शब्दांचा भाचा बोलू लागला! आधी लॅपटॉपकडे बघत, मग त्यांच्याकडे बघत. "इथं फाइल वाचली. इथं तारखा घेतल्या. पण तेरा तारखेला तो अडायचा म्हणून... म्हणून मी अडलेल्या नोंदी गाळून टाक असं लिहिलं होतं..." आणि तो मधेच थांबला.

"गाळून टाक?" मी ओरडलो. "अरे, बँकेत अडलेली नोंद गाळली तर मेमो मिळतो!"

बाई हसल्या. त्यांनी पूर्वी हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर काम केले होते. त्यांच्या ध्यानात आले होते. तो प्रोग्रॅम तारखा अमेरिकन पद्धतीने वाचत होता. आधी महिना, मग दिवस. त्यामुळे ५ एप्रिलची जमा ४ मे रोजी जाऊन पडत होती. आणि १३ एप्रिल आली की त्याला तेरावा महिना शोधावा लागे. तो सापडेना, की अडून बसे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. मग भाच्याने वैतागून अशा नोंदी गाळायला सांगितल्या आणि ते सांगितलेले स्वतःच विसरला. परिणामी बहिणीच्या दुकानात दर महिन्याच्या बारा तारखेनंतर धंदाच होत नव्हता!

इलाज एका शब्दाचा निघाला. 'डेफर्स्ट', म्हणजे दिवस आधी. तीन आठवड्यांचा गुंता सात मिनिटांत सुटला.

तुम्ही म्हणाल, आजकाल अशा गोष्टी यंत्राला विचारल्या तरी तो उत्तर देतो, मग त्यासाठी माणूस कशाला? मीही हेच विचारले. भाचा म्हणाला, "मामा, मी त्याला बेरजेबद्दलच विचारत होतो. चूक तारखेत होती." तेव्हा त्या बाईंनी मला एक गंमत सांगितली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांत टेबलावर रबरी बदक ठेवण्याची पद्धत आहे म्हणे. अडले की त्या बदकाला पहिल्यापासून सगळे मोठ्याने समजावून सांगायचे. सांगता सांगता आपली चूक आपल्यालाच दिसते. १९९९ सालच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या पुस्तकामुळे ही युक्ती गाजली.

"तुझ्याकडं नाही का बदक?" मी भाच्याला विचारले.

"खोलीत मोठ्यानं बोललो तर झोपलेले तिघं उठतात," तो म्हणाला. आणि मग हळूच, "तसंही आठ महिन्यांत एवढं सलग मी कुणाशीच बोललो नव्हतो."

मी समोसे आणायला गेलो. डोळ्यांत पाणी आले ते हिरव्या मिरचीने, असे मी हिला नंतर सांगितले.

परतलो तो तिथे सहाजण जमलेले. तेराव्या महिन्याची गोष्ट ऐकून एकेकजण आपापला तेरावा महिना सांगत होता. तेवढ्यात एक दाढीवाला तरुण धावत आला. हा आयोजक. प्रोजेक्टरची वायर, समोशांचा हिशेब, वक्त्याची टॅक्सी, सगळे एकटाच बघणारा. "काका, हे कसं केलंत? मी दोन वर्षं मीटअप घेतोय. लोक येतात, ऐकतात आणि जातात."

मी त्याला पेनचा सिद्धांत सांगितला. तो उडालाच. म्हणाला, "काका, ही तर होमब्रूची पद्धत!"

मग त्याने सांगितलेली हकीकत अशी. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क या गावी एका गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली आणि 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब' सुरू झाला. पुढे सभा मोठ्या झाल्या. ली फेल्सेन्स्टाइन नावाचे गृहस्थ त्या चालवत. त्यांनी सभेचे दोन भाग पाडले होते. पहिल्या भागात ज्याला हवे त्याने उठून, आपल्याकडे काय आहे आणि आपल्याला काय हवे ते सांगायचे. दुसऱ्या भागात ज्याचे बोलणे आपल्या कामाचे, त्याला जाऊन गाठायचे. पुढे ॲपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झालेला स्टीव्ह वॉझनियाक या क्लबात येई. पण तो इतका बुजरा, की सभेत हात वर करून बोलायची त्याची छाती होत नसे. तो आपले यंत्र आणून टेबलावर मांडी, आणि माणसेच त्याच्याभोवती गोळा होत.

मी भाच्याकडे बघितले. तो लॅपटॉप उघडून टेबलाशी उभा होता.

पुढच्या महिन्यात या, असे दाढीवाल्याने फर्मावले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे होमब्रूच्या पद्धतीला आपले रूप दिले. प्रत्येकाच्या छातीवर चिकटवायला एक कागद. वर ठळक अक्षरांत नाव. खाली दोन रकाने. एक 'जमा' : मी काय सांगू शकतो. दुसरा 'नावे' : मला काय हवे आहे. जमाखर्चाचे मूळ तत्त्वच असे आहे, की एकाकडे जे जमा होते ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावे पडते. चाळीस माणसांत प्रत्येकाची जोडी कुठेतरी असणारच. फक्त ताळा जुळवायला कारकून हवा.

अडचणी आल्या. एकाने 'जमा : काही नाही, नावे : सगळे' असे लिहिले. ही आमच्या बऱ्याच कर्जदारांची स्थिती असल्याने मला नवल वाटले नाही. एकाने 'जमा : गिटार' लिहिले. माझ्या कागदावर 'जमा : मुदत ठेवींचे नियम, नावे : समोसा' होते. तुम्हाला खोटे वाटेल, पण त्या दिवशी तिघांनी मला मुदत ठेवीबद्दल विचारले.

एक मुलगा मात्र कागद हातातच धरून कोपऱ्यात बसला होता. मी उत्साहाने गेलो. तो म्हणाला, "काका, मला नुसतं बसायचंय. चालेल?" माझ्या तोंडावर आलेली तीन वाक्ये मी गिळली. काहीजणांना माणसांत बसणे हेच पुष्कळ असते. "चालेल की," म्हणालो आणि मीही दहा मिनिटे शेजारी गप्प बसलो. अठरा वर्षांत काउंटरवर मला इतकी शांत दहा मिनिटे मिळालेली नाहीत. जाताना तो "थँक्यू काका" म्हणाला. त्यानंतर मी एक नियम केला. ओळख वाढायची असते, लादायची नसते.

घोळक्याचा प्रश्न उरला होता. त्यावर दाढीवाल्याने एक उपाय सांगितला. 'पॅक-मॅन' नावाचा १९८० सालचा जपानी व्हिडिओ गेम आहे. त्यात एक पिवळा गोळा तोंड वासून फिरत असतो. एरिक होल्शर नावाच्या प्रोग्रॅमरने २०१७ साली लिहिले, की गप्पा मारताना बंद वर्तुळ करू नका, पॅक-मॅनच्या तोंडाएवढी एक जागा मोकळी ठेवा; कुणी त्या जागेत आले, की सरकून पुन्हा नवी जागा करा. मी तो गेम खेळलेला नाही, मी एस.टी.ने प्रवास केलेला आहे. तिघांच्या बाकावर चौथा आला की आपण "जरा सरकून घ्या" म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. मी मंडळींना तो भाकरीच्या भाषेत सांगितला. एक तुकडा मोडलेली भाकरी असते तसे उभे राहा. मोडलेल्या भाकरीलाच पाहुणा हात घालतो. अख्खीला हात लावायला तो संकोचतो.

त्या बाईंची गोष्ट सांगायची राहिली. मुलांसाठी दहा वर्षे घरी राहून त्या पुन्हा नोकरी शोधत होत्या. त्यांच्या कागदावर 'नावे : टेस्टिंगच्या नव्या पद्धती' होते. ते भाच्याकडे जमा होते. त्याने चार शनिवार त्यांना शिकवले. पण नोकरीची खबर आणली ती भाच्याने नव्हे, मीही नव्हे, तर त्या गिटारवाल्याने! त्याची त्यांच्याशी एकूण ओळख अर्ध्या कप चहाची. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली यावर गाजलेला निबंध लिहिला आहे, असे दाढीवाला सांगत होता. जवळच्या मित्राला ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. नवी खबर येते ती लांबच्या ओळखीतून. माझ्या आईने हा निबंध वाचलेला नाही. पण बहिणीचे लग्न ठरवताना ती म्हणत असे, "स्थळ मैत्रिणीकडून येत नाही, मैत्रिणीच्या नणंदेकडून येतं."

इतके सगळे चांगले चालले असताना एका रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, आज जेवायला येत नाही. आम्ही चौघं मिळून एक प्रोग्रॅम करतोय. मामीला सांग."

हिने कणीक भिजवून ठेवली होती. जेवणाच्या वेळी तिने सवयीने त्याचेही पान मांडले आणि मग उचलले. आम्ही दोघे सहा शब्दही बोललो नाही. उरलेल्या पोळ्या मी रात्री खाल्ल्या. शेवटी उपद्व्याप माझाच होता. मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे, असे भटजी लग्नात पुकारतात. मामाचे काम आणून सोडण्यापुरते; पुढे त्याने पंगतीकडे वळावे. हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे वेगळे आणि उचललेले पान बघणे वेगळे.

रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, काल तो अर्धा तास बोलत होता रे! शेवटी मीच फोन ठेवला. दूध उतू जायला लागलं." या वेळी ती हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. मिरजेकडे तेव्हा सर्दीची साथ असावी.

परवाचा दुसरा शनिवार. पुन्हा तीच इमारत, तीच वही. भाचा माझ्या पुढे होता. पहारेकऱ्याने विचारायच्या आधीच त्याने पेन घेतले. 'कोणास भेटावयाचे' या रकान्यात त्याने एक नाव लिहिले, मग दुसरे, मग तिसरे. जागा पुरेना म्हणून चौथे समासात लिहिले. आणि मला मागे टाकून जवळजवळ धावतच आत गेला.

आता वही माझ्यापुढे आली. मी पेन घेऊन उभा राहिलो. मला कुणाला भेटायचे होते? भाच्याला आता माझी गरज नव्हती. कागद चिकटवायचे काम दाढीवाल्याने तिघा मुलांवर सोपवले होते. समोसा, असे लिहिता आले असते. पण समोशाला आडनाव नसते.

मी वर बघितले. पहारेकरी वाट पाहत होता. साठीकडे झुकलेला माणूस. सहा महिने मी या टेबलापुढे सही करून आत जात होतो. त्याच्या खिशावर नावाची पट्टी होती. ती मी पहिल्यांदाच वाचली. आणि त्या रकान्यात त्याचेच नाव लिहिले.

त्याने वही फिरवून वाचली. दोनदा वाचली.

"असं चालत नाही साहेब," तो म्हणाला. "वरून विचारतात."

"मग खोडू?"

त्याने वही आपल्याकडे ओढून घेतली. "राहू द्या," म्हणाला. आणि शेजारच्या स्टुलावरचा डबा उचलून मांडीवर घेत म्हणाला, "गाव कुठलं तुमचं?"